सरळ रेघेवरचं नागपूर

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाची उंची, रंग, पगार यावर आमच्या घरात कुणी फारसं बोललं नाही. भांडण झालं ते अंतरावरून. सत्तरचं दशक नुकतं लागलेलं. मुलगा आमच्यातलाच, अक्कलकोटकडचा, पण नोकरी नागपूरला. आमच्याकडं लेकी द्यायच्या त्या मैंदर्गीला, अक्कलकोटला, फार तर गुलबर्ग्याला. सकाळी निघालं की दुपारच्या भाकरीला पोचावं, एवढ्या अंतरावर. नागपूर हे नाव अव्वाला संत्र्यांमुळं माहीत होतं, तेवढंच.

अव्वा म्हणजे माझी आई. ती मैंदर्गीची. तिचं बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी, आणि रागावली की सगळंच कानडी. अप्पांचं सोलापूरच्या बाजारात भुसारी मालाचं दुकान होतं आणि त्यांना नव्या गोष्टींचं भारी वेड. गल्लीतला पहिला रेडिओ आमचा. पहिला प्रेशर कुकरही आमचाच, जो अव्वानं भीतीपोटी फळीवरून कधी खाली काढलाच नाही.

बोलणी करायला मुलाचे मामा आले होते. गडी बोलायला मोठा फर्डा. आयुष्यात एकदा विमानात बसले होते आणि त्या एका बसण्यावर त्यांनी अर्धं आयुष्य काढलं असावं. अव्वानं स्वयंपाकघराच्या दारातून "लई लांब हाय हो नागपूर," असं म्हटल्याबरोबर ते म्हणाले, "कसलं लांब, वहिनी? विमानात बसायचं, पान तोंडात टाकायचं. पान संपायच्या आत नागपूर."

अप्पांना हे फार आवडलं. त्यांनी माझा शाळेतला नकाशा मागवला, जमिनीवर पसरला, सोलापूरवर आणि नागपूरवर फूटपट्टी ठेवली आणि पेन्सिलीनं रेघ ओढली. "तीनशे मैलांच्या जरा वर," ते म्हणाले. "विमानाला तास. फार तर सव्वा तास."

अव्वा पदर खोचून बाहेर आली. पाहुण्यांसमोर ती सहसा येत नसे. नकाशाकडं वाकून बघत म्हणाली, "रेघेवरनं कोण जातंय? रूळ कुटनं जातात ते दावा."

अप्पांनी नाइलाजानं बोट फिरवलं. सोलापूरहून कुर्डुवाडी, जेऊर, दौंड, तिथून वर मनमाड, मग भुसावळ, मग उजवीकडं उजवीकडं जात नागपूर. बोट नकाशावर एवढं फिरलं की मामांनीही पानाचा डबा बंद केला. अव्वा म्हणाली, "म्हंजे माज्या पोरीनं आदी मुंबईकडं तोंड करायचं, मग वर जायाचं, मग परत मागं फिरायचं. घराकडं यायाचं का हिंडत बसायचं तिनं?"

"ती रेल्वेची गोष्ट झाली," अप्पा म्हणाले. "आपल्या होटगी रस्त्यावर विमानतळ हाय की. आज ना उद्या सुरू होतंय. पेपरात आलंय."

बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तशातला प्रकार. पण अप्पा तुरीचेच व्यापारी. बाजारातली तूर त्यांना घरात येऊन पडल्यासारखीच वाटायची. माझं लग्न त्या पेन्सिलीच्या रेघेवर झालं असं मी पुढं कितीदा तरी हसत सांगितलं आहे. तेव्हा मला हसू येत नव्हतं. मी कोपऱ्यात बसून नकाशातली ती दोन टिंबं बघत होते आणि मुलगा बरा दिसतो का, हे कुणी विचारेल का याची वाट पाहत होते.

मुलगा बरा होता. कमी बोलणारा, माणसाला न दुखावणारा. संसाराबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार अंतराबद्दल होती आणि ती मी कुणाकडं करणार? माहेरी यायचं म्हणजे मनमाडला उतरा, दौंडला उतरा, बोजे चढवा, बोजे उतरवा, फलाटावर पोराला मांडीवर घेऊन बसा. अंगावर कोळशाची कणी, केसात धूळ. पण जेऊर गेलं की मी उठायची. डब्यातल्या नळावर तोंड धुवायची, केस विंचरायची, पिशवीतलं नवं लुगडं नेसायची. अव्वाला मी दमलेली दिसायला नको, एवढाच हेतू. ती तरीही ओळखायची. स्टेशनावर माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणायची, "बंद्या? आलीस? दमलीस गं माझी बाई." आणि मागं उभ्या असलेल्या अप्पांना ऐकू जाईल अशा आवाजात, "पान संपलं का न्हाय अजून?"

अप्पा हसण्यावारी न्यायचे. पण त्या विमानानं एक वाईट केलं. अव्वा माझ्याकडं नागपूरला कधी आली नाही. पहिल्या वर्षी म्हणाली, येते, लेकीचं घर बघते. अप्पा म्हणाले, "त्या गाड्या बदलत कशाला मरतेस? विमान सुरू होऊ दे. तुला विमानानंच न्हेतो." पुढच्या वर्षीही तेच. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास सोलापुरात बातमी उठायची की आता विमान सुरू होणार. कुणी म्हणे मुंबईचं, कुणी म्हणे हैदराबादचं. मधे एकदा म्हणे एक छोटं विमान उतरून गेलंही. अप्पा सायकलवरून होटगी रस्त्यावर जाऊन बघून आले. विमान नव्हतं, पण गवत काढलेलं होतं. गवत काढलंय म्हणजे आता सुरू होणारच, असं त्यांनी आठवडाभर दुकानात सांगितलं. अव्वाची बांधलेली पिशवी पुन्हा मोकळी झाली. माझी चूल, माझी खिडकी, दारात लावलेली तिनंच दिलेली कढीपत्त्याची फांदी, यातलं काही तिनं पाहिलं नाही. आज हे लिहितानाही मला राग येतो. लाकडी बाकावर बसून, दोन गाड्या बदलून ती आरामात आली असती. ती मैंदर्गीची बाई होती, बैलगाडीत वाढलेली. तिला धक्क्यांचं काय?

हळूहळू तीही त्या विमानाची झाली. दुपारच्या वेळी सोलापूरवरून खूप उंचावरून एक विमान जायचं. ते कुठून कुठं जायचं, मला आजही माहीत नाही. अव्वा गच्चीवर शेंगा वाळत घालता घालता मान वर करायची आणि शेजारणीला सांगायची, "आमच्या अक्काच्या गावचं विमान." मी थोरली, म्हणून घरात सगळे मला अक्का म्हणत. माहेरी असताना मी एकदा हे ऐकलं. म्हटलं, "अव्वा, ते नागपूरला जात नसेल गं." ती म्हणाली, "कुटं का जाईना. वरनं समदं दिसतंय त्याला."

ती आजारी पडली ते अचानक. पावसाळा संपून थंडी पडायला लागली होती. मला पत्र आलं की ताप आहे, काळजी नको. त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी सकाळी तारवाला दारात. आई अत्यवस्थ, ताबडतोब निघा. मी चुलीसमोर तशीच बसून राहिले. ह्यांनी तार दोनदा वाचली, कपडे केले आणि बाहेर पडले. परत आले ते विमानाची तिकिटं घेऊन. नागपूरहून मुंबई विमानानं, मुंबईहून रात्रीच्या गाडीनं सोलापूर. रेल्वेनं गेलो असतो तर दुसऱ्या रात्री उशिरा पोचलो असतो. असं गेलो तर दुसऱ्या दिवशी सकाळी. येता येता ते तारघरातही जाऊन आले होते. "तिकडं तार केलीय," मला म्हणाले. "विमानानं निघालो म्हणून. म्हणजे त्यांना धीर येईल."

चांगल्या माणसानं चांगल्या मनानं केलेली गोष्ट होती ती. मी आयुष्यात कधी त्यांना त्याबद्दल बोलले नाही.

पोराला शेजारी ठेवलं. दुपारी विमानात बसलो. माझं ते पहिलं बसणं. बाई तबक घेऊन आली, त्यात गोळ्या होत्या आणि कानात घालायला कापूस. मला वाटलं, हे अव्वाला सांगायचं. कानात कापूस घालून, तोंडात गोळी धरून बसवतात, लहान पोरांना औषध पाजताना बसवतात तसं. खाली ढग होते. तिनं विचारलं असतं, ढग वरून कसे दिसतात, म्हणून मी नीट बघून ठेवले. पिंजलेला कापूस पसरावा तसे होते. मला रडू येत होतं आणि त्याच वेळी मी हे सगळं तिच्यासाठी जमवत होते. ती बरी होईल, उशाशी बसून मी सांगेन, ती म्हणेल, मग पान संपलं का? विमान उतरलं तेव्हा मी ह्यांना म्हणाले, "खरंच की हो, तासाभराचंच आहे." तेवढा वेळ मलाही वाटलं की अप्पांचं बरोबर होतं.

मग टॅक्सी, बोरीबंदर, रात्रीची गाडी. बसून बसून पाय सुजले. पहाटे दौंड गेलं, उजाडताना जेऊर आलं. मी उठले. तोंड धुतलं, केस विंचरले, लुगडं बदललं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं आणि खिडकीबाहेर मान वळवली. त्यांना काही कळलं होतं असं नाही. पण त्यांना ते बघवलं नसावं.

स्टेशनावर कुणी नव्हतं. मला वाटलं, सगळे तिच्याजवळ असतील. टांगा केला. गल्लीच्या तोंडाशी आलो तेव्हा आमच्या दारापुढं चपलांचा ढीग दिसला, आणि ओटा धुतलेला. सकाळच्या त्या वेळी आमचा ओटा कधी कुणी धूत नसे. मी टांग्यातून उतरले तशी काकू दारात आली, मला बघितलं आणि तिनं जो हंबरडा फोडला, त्यातच मला सगळं कळलं.

अव्वा आदल्या दिवशी पहाटेच गेली होती. आम्हाला तार मिळाली तेव्हाच ती गेलेली होती. दुसरी तार आमच्या कुलुपाशी जाऊन पोचली असेल. पण ते ऐकूनही मी अजून उभी होते. तिचं तोंड बघायला मिळेल म्हणून मी आत धावले. सोप्यातली भिंत रिकामी होती.

आमच्यात माणूस गेलं की त्याला निजवून ठेवत नाहीत. अंघोळ घालतात, कपाळाला भस्म लावतात आणि भिंतीला टेकवून बसवतात. नेतातही बसवून, मातीतही बसवूनच ठेवतात. अव्वाला दाराकडं तोंड करून बसवलं होतं. सवाष्ण गेली होती. तिची ओटी भरायची होती, आणि ती लेकीनं भरायची असा आमच्या घरचा रिवाज. ताटात खण, नारळ, तांदूळ काढून ठेवले होते. माझ्यासाठी सगळे थांबले होते. हे सगळं मला काकूनं सांगितलं, माझा हात घट्ट धरून, मधेमधे नाक पुसत.

दुपारी ह्यांची तार पोचली. विमानाने निघालो. काकू म्हणाली, "तार वाचली आणि समद्यांच्या जिवात जीव आला बघ. भावजी म्हणाले, झालं, येतीया, आता तासाभरात येतीया." अप्पांनी काकांना सायकलवर होटगी रस्त्याला पिटाळलं. काका गेले आणि कुंपणापाशी उभे राहिले. आत राखणदार होता. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "मला काय सांगून येतंय व्हय? आलं तर येईल." काका थांबले. इकडं घरी अंगणात माणसं बसलेली. आणि नेहमीच्या वेळी ते नेहमीचं विमान वरून गेलं. सगळ्यांनी माना वर केल्या. अप्पा उठून उभे राहिले, "आली," म्हणाले. काकूनं ओटीचं ताट हातात घेतलं.

विमान थांबलं नाही. आवाज लांब गेला आणि बंद झाला. काका दिवस कलल्यावर परत आले. म्हणाले, "न्हाय आलं. चिटपाखरू न्हाय तितं."

मग माणसं बोलायला लागली. विमान तर येऊन गेलं, उतरलं नाही, म्हणजे ही त्यात नव्हती. विमानाची वेळ टळून गेली, म्हणजे ही निघालीच नाही. जावयाला रजा मिळाली नसेल. पोरगं आजारी असेल. अप्पांनी पलीकडच्या पेढीवरून नागपूरला फोन लावायला सांगितला, तो लागला नाही. अव्वाची मान एका बाजूला कलायला लागली होती. जाणते म्हणाले, आता थांबण्यात अर्थ नाही, बाईचे हाल नका करू, दिवेलागणीच्या आत उरकू. काकूनं ओटी भरली. "माज्या हातानं भरली गं तुजी ओटी," ती म्हणाली, आणि कपाळ बडवून घेतलं.

मी सोप्यात उभी राहून ओरडले. काय काय ओरडले ते आता आठवत नाही. एक रात्र थांबला नाहीत, एक रात्र, बर्फ मिळत नव्हता का सोलापुरात, असं काहीतरी. काका खाली मान घालून बसले. माझा राग त्यांच्यावर नव्हता. माझा राग त्या मामांवर होता, मुंबईच्या गाडीवर होता, रोज दुपारी आमच्या डोक्यावरून जाणाऱ्या त्या चकचकीत वस्तूवर होता. पण समोर होते ते अप्पा, म्हणून मी त्यांच्यावर ओरडले.

अप्पा आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले होते. दाढी वाढलेली, अंगात कालचाच सदरा. माझं ओरडणं संपेपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "रेल्वेनं येतीय म्हणून तार आली असती, तर ठेवलं असतं की गं. बर्फात ठेवलं असतं. समद्यांनीच म्हटलं असतं, पोरगी लांबनं येतीया, उद्यापतोर थांबू. विमानानं निगालीस म्हटल्यावर..." सदऱ्याच्या बाहीनं त्यांनी तोंड पुसलं. मग म्हणाले, "तू लांब हाईस, हे कुणाच्या ध्यानातच आलं न्हाय."

खोटं नव्हतं ते. लांबच्या माणसासाठी आमच्याकडं गाव थांबायचं. मनमाडला गाडी चुकली असेल, दौंडला उशीर झाला असेल, म्हणून लोक रात्र रात्र बसून काढायचे. त्या वाटेची सगळ्यांना सवय होती, तिच्यात किती वेळ जातो ते म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही ठाऊक होतं. तासाभराच्या माणसासाठी किती थांबायचं असतं, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. तास झाला, दोन झाले, अख्खी दुपार गेली. त्यांनी खरं तर पुष्कळ वाट पाहिली. हे मला समजतं. समजून उपयोग होत नाही.

थोड्या वेळानं अप्पा उठले. "चल," म्हणाले. ह्यांना, काकांना त्यांनी हातानं थांबवलं. आम्ही दोघंच गेलो. रुद्रभूमीत पोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. माती अजून ओली होती, वरची बेलाची पानंही हिरवी होती. आत ती बसलेली होती, माझ्यापासून हात-दोन हातांवर, आणि मला तिचं तोंड दिसणार नव्हतं. मी मातीवर हात ठेवून बसले. रडू आलं नाही. लुगडं नवं होतं, त्याला माती लागत होती, एवढंच दिसत होतं.

अप्पा माझ्या शेजारी गुडघे टेकून खाली वाकले. अव्वाशी ते घरात कानडीत बोलायचे, तसंच, हळू आवाजात, ती आतल्या खोलीत असावी असं बोलले. "बंदाळ नोड," म्हणाले. आली बघ.

मी त्यांचा हात धरून उठवायला गेले, तर ते उठेनात. मातीकडं बघतच मराठीत म्हणाले, मला कळावं म्हणूनही असेल, "लई लांब हाय गं नागपूर. लई लांब हाय."